परदेशी पाहुण्याला मुंबईचा रस्ता शिकवताना

परदेशातून कोणी राहायला यायचं ठरलं की आपण उशांच्या अभ्र्यांपासून उकळलेल्या पाण्यापर्यंत सगळी तयारी करतो. भाजीत तिखट कमी घालायचं, हेही लक्षात ठेवतो. रस्त्याची तयारी मात्र कोणीच करत नाही. पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन आपण खाली उतरतो, बोलता बोलता सवयीने रस्ता ओलांडतो, आणि मागे वळून बघतो तर तो अजून पलीकडच्या फुटपाथवरच उभा असतो.

मी दादरला राहते. नोकरीत असताना कंपनीचे परदेशी पाहुणे फिरवायचं काम बरेचदा माझ्या गळ्यात पडायचं, आणि भाचीने डच मुलाशी लग्न केल्यापासून घरीही तिकडच्या माणसांची ये-जा वाढली आहे. त्यातून जे पक्कं झालं ते क्रमाने लिहिते. ज्यांच्याकडे पहिल्यांदाच असा पाहुणा येणार आहे, त्यांना उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगते. ‘आमच्याकडे काही नियमबियम नाहीत, बिनधास्त चल,’ असं पाहुण्याला कधीही सांगू नका. ते खरं नाही आणि धोक्याचंही आहे. आपल्या रस्त्यावर कायद्याचे नियम आहेत आणि वहिवाटीचेही आहेत. पाहुणा कायद्याचे नियम धरून चालतो, गाडीवाले बऱ्याचदा वहिवाटीने चालवतात, आणि घात होतो तो या दोन्हींच्या मधल्या फटीत. ती फट त्याला नीट दाखवून देणं हे यजमानाचं काम आहे.

पहिली पायरी: निघायच्या आधी फोनवर

पाहुणा कुठून येतोय ते बघा. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, जपान इथे आपल्यासारखंच डावीकडून गाड्या चालवतात. त्या लोकांची मान आपसूक उजवीकडे वळते. अमेरिका आणि जवळजवळ सगळा युरोप उजवीकडून चालवतो, त्यामुळे तिथला माणूस रस्त्यात पाऊल टाकताना आधी डावीकडे बघतो. लहानपणापासून मुरलेली सवय आहे, सांगून एका दिवसात जात नाही. म्हणूनच ती मुंबईत उतरल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगावी, म्हणजे डोक्यात थोडी तरी रुजलेली असते.

पायात काय घालायचं, तेही सांगा. अंगठ्याची चप्पल घालून आपले रस्ते ओलांडू नयेत. फुटपाथच्या लाद्या हलतात, रस्त्याला पेव्हर ब्लॉक वर आलेले असतात, आणि नेमक्या वेळी चप्पल अडकली तर माणूस मध्येच थांबतो. पुढून-मागून बंद असलेले, पट्ट्याचे किंवा लेसचे बूट बरे. सोबत तान्हं मूल असेल तर बाबागाडी आणू नका, बाळ अंगाला बांधायची झोळी आणा, असं मी स्पष्ट सांगते. आपले फुटपाथ इतके उंच आणि इतके तुटक आहेत, की बाबागाडी चढवता-उतरवताना आईबाप रस्त्यातच वाकून उभे राहतात.

विमानतळावरून घरी कसं आणायचं, याचा विचार बदलायला हवा. भुयारी मेट्रो, म्हणजे ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण सुरू झाली. ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, आणि टर्मिनल २ ला स्वतंत्र स्थानक. दिवसा उतरणारा पाहुणा दादर, गिरगाव, फोर्ट, चर्चगेट यांपैकी कुठेही येणार असेल आणि सामान आटोक्यात असेल तर त्याला मेट्रोनेच आणा. मुंबईची पहिली ओळख थंड, शांत डब्यात झाली की दुसऱ्या दिवशीच्या गोंगाटाला माणूस जरा ताज्या मनाने सामोरा जातो. बरीच आंतरराष्ट्रीय विमानं मात्र मध्यरात्री उतरतात. तेव्हा गाडीच करावी लागते, आणि रिकाम्या हायवेवर रात्रीच्या गाड्या किती सुसाट जातात ते आपल्याला ठाऊक आहे. मागच्या सीटवर बसला तरी पट्टा लावायला सांगा. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही तो सक्तीचा आहे. काळ्यापिवळ्या टॅक्सीत मागचा पट्टा बऱ्याचदा सीटच्या फटीत दडपलेला असतो. तो बाहेर काढून घ्या, लाजू नका.

दुसरी पायरी: पहिल्या दिवशी फक्त बघायचं

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पहिल्या दिवशी पाहुण्याला रस्ता ओलांडायला लावायचाच नाही. एखाद्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, नाहीतर नाक्यावरच्या हॉटेलात काचेजवळच्या टेबलावर अर्धा तास बसवायचं आणि खालचा चौक बघायला सांगायचं. आम्ही गोखले रोडवर पोर्तुगीज चर्चच्या बाजूला बसतो. तुमच्या जवळ जो नाका असेल तो चालेल.

तिथे बसून चार गोष्टी दाखवायच्या. पहिली हॉर्नची. युरोपात हॉर्न वाजला की कोणीतरी चिडलंय किंवा अपघात होता होता वाचलाय, असंच माणूस समजतो. त्यामुळे इथे पहिल्या तासातच त्याचे कान आणि मन दोन्ही थकतात. त्याला ऐकवा: दोनदा छोटा पीं-पीं म्हणजे ‘मी तुझ्या बाजूने जातोय, आहे तसा राहा’. लांबलचक, न थांबणारा हॉर्न म्हणजे ‘मी थांबणार नाही किंवा मला थांबता येणार नाही’. पहिल्याकडे लक्ष ठेवायचं आणि चालत राहायचं, दुसऱ्याला वाट द्यायची. अर्थात यातला बराचसा हॉर्न निव्वळ वाईट खोड आहे, हेही त्याला सांगावं. ट्रकच्या मागे लिहिलेलं ‘हॉर्न ओके प्लीज’ महाराष्ट्राने २०१५ मध्ये बंद केलं, ते याच कारणाने. २०२० च्या सुरुवातीला मुंबई वाहतूक पोलिसांनी सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्र्याच्या काही सिग्नलना आवाज मोजणारी यंत्रं जोडल्याचा प्रयोग लोकांसमोर आणला. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल सिग्नलचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉर्न मारणाऱ्याला थांबायला लावणारी यापेक्षा न्याय्य शिक्षा मला सुचत नाही, आणि ती शहरभर कायमची असायला हवी होती.

दुसरी गोष्ट हेडलाइटची, आणि ही जिवाशी संबंधित आहे. युरोपातल्या बऱ्याच देशांत समोरच्या गाडीने दिवे उघडमीट केले तर चालणारा त्याचा अर्थ ‘तुम्ही आधी जा’ असा घेतो. आपल्याकडे तीच उघडमीट म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. अर्थ अगदी उलटा. पाहुणा हसून, हात वर करून आभार मानत रस्त्यात उतरतो आणि गाडी वेग कमीही करत नाही. हे त्याला खिडकीतून प्रत्यक्ष दाखवा, आणि संध्याकाळी पुन्हा विचारा.

तिसरी, हातापायांची. रिक्षातून किंवा टॅक्सीतून बाहेर आलेला पंजा इंडिकेटरपेक्षा भरवशाचा. ‘थांब, मी वळतोय’ हे ड्रायव्हर हातानेच सांगतो, कधी कधी तर मागे बसलेला प्रवासी त्याच्या वतीने हात काढतो. उपनगरात असाल तर बंद पडलेल्या रिक्षाला मागचा रिक्षावाला एक पाय लावून ढकलत नेताना दिसेल. पाहुणे हे बघून हरखतात. फोटो काढू द्या, पण अशा जोडीच्या पुढ्यातून ओलांडायचं नाही, हेही तिथेच सांगा. पुढच्या रिक्षाला धक्का मागून मिळतोय, तिला हवं तिथे थांबता येत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे हवालदार. पांढरा शर्ट, खाकी पँट. चौकात तो उभा असेल आणि हात दाखवत असेल तर सिग्नलचा रंग काहीही असो, त्याचा हात मानायचा.

तिसरी पायरी: तुमच्यासोबत ओलांडणं

रविवारची सकाळ निवडा. कामाच्या दिवशी साधारण आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहानंतर मुंबईत शिकायला जाऊ नये. जागा सिग्नलची असावी, पादचाऱ्यांचा वेगळा दिवा असलेली. दादर-माहीमच्या बाजूला २०२० मध्ये महापालिकेने या दिव्यांवर पुरुषाऐवजी फ्रॉक घातलेल्या बाईची आकृती बसवली. पाहुण्यांना ती फार आवडते, आणि त्या निमित्ताने ते दिव्याकडे नीट बघतात, हा माझा अनुभव आहे.

आता तुम्ही कुठे उभं राहायचं? गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला तुम्ही, पलीकडे पाहुणा. दुतर्फा रस्ता असेल तर पहिल्या अर्ध्यात गाड्या उजवीकडून येतात, तेव्हा तुम्ही त्याच्या उजवीकडे. दुभाजकापाशी थांबायचं, तुम्ही त्याच्या डावीकडे यायचं, मग उरलेला अर्धा. हात धरायला संकोच वाटू देऊ नका. भाचीने पहिल्यांदा नवऱ्याला आणलं तेव्हा ती पुढे आणि तो मागे अशी वरात चालली होती. शेजारच्या आजींनी खिडकीतूनच ओरडून सांगितलं, ‘अगं, हात धर ना त्याचा!’ त्या दिवसापासून तो ओलांडताना आपणहून हात पुढे करतो.

हिरवा लागला म्हणजे निघालो, असं करायचं नाही. दिवा हिरवा झाल्यावर एक श्वास थांबा. पिवळ्यावर वेग वाढवून सुटू बघणारा शेवटचा बाइकवाला या एका श्वासात निघून जातो. आणि सेकंद संपत आले असतील तर सुरुवातच करू नका, कारण थांबलेल्या दुचाक्या आकडा शून्यावर यायच्या आधीच सरकायला लागतात. डावीकडे वळणाऱ्या गाड्यांवर वेगळं लक्ष ठेवा. तुम्हाला हिरवा असतानाही त्या वळत राहतात, आणि झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्याला वाट देण्याची कायद्याची सक्ती त्यांच्यावर असली तरी तिच्यावर विसंबून पाऊल टाकू नये.

सिग्नल नसलेल्या ठिकाणची रीत वेगळी. तिथे गाड्या थांबत नाहीत, तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. म्हणून चाल एकसारखी हवी. धावायचं नाही, मध्येच थिजायचं नाही, आणि काहीही झालं तरी मागे पाऊल घ्यायचं नाही. दादरच्या प्लाझा सिनेमासमोर आमच्या जावईबापूंचं, म्हणजे भाचीच्या नवऱ्याचं, हेच झालं. नेदरलँड्समध्ये झेब्रा क्रॉसिंगवर पाय ठेवला की गाडीने थांबायचं असतं आणि ती थांबतेही. तो त्या हिशेबाने उतरला, एक गाडी थांबली नाही म्हणून दचकून दोन पावलं मागे आला. एका स्कूटरवाल्याने हा पुढे जाणार असं धरून त्याच्या पाठीमागून जायची वाट निवडली होती. आरसा कोपराला घासून गेला, बाकी निभावलं. तो पुढे चालत राहिला असता, किंवा मुळात उतरलाच नसता, तर काही झालं नसतं. ओलांडणं हे ‘जायचं’ किंवा ‘नाही जायचं’ इतकंच असतं. निर्णय फुटपाथवर घ्यायचा, रस्त्यात नाही.

हात दाखवण्याची पद्धतही शिकवा. कमरेच्या उंचीला, तळवा गाडीकडे, बोटं जरा खाली, आणि नजर ड्रायव्हरच्या डोळ्यांवर. उगाच हात उंचावून, नजर चुकवत गेलं तर ड्रायव्हरला कळत नाही की तुम्ही त्याला बघितलंय. काळ्या काचेची गाडी असेल आणि ड्रायव्हर दिसतच नसेल तर तिला जाऊ द्यावं.

चौथी पायरी: एकट्याने ओलांडायची परवानगी

हो, मी परवानगीच म्हणते. पाहुणा चाळिशीचा का असेना. तुम्ही मागे चालायचं, त्याने पुढे, आणि तुम्हाला न विचारता त्याला नीट जमलं की मग एकटा सोडायचा.

त्याआधी काही गोष्टी त्याच्या तोंडून वदवून घ्या. एकेरी रस्ता असला तरी दोन्हीकडे बघायचं. उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या, विशेषतः पार्सल पोचवणारी मुलं, सगळीकडे आहेत, आणि आता त्यांतल्या पुष्कळ गाड्या विजेवर चालतात, म्हणजे आवाजही येत नाही. उभ्या बसच्या पुढून ओलांडायचं नाही, कारण बसच्या आडून दुचाकी सुटून येते आणि ती तुम्हाला किंवा तुम्ही तिला दिसत नाही. फोन खिशात, कानातलं काढून. आपण एकटेच असू तर थोडं थांबून घोळक्याबरोबर जायचं. घोळक्यातही गाडी येते त्याच्या पलीकडच्या बाजूला राहायचं. एखादी वयस्कर मावशी किंवा शाळेची मुलं ओलांडत असतील तर त्यांच्यासोबत जाणं सगळ्यात चांगलं, त्यांच्यासाठी गाड्या खरोखर हळू होतात.

सीएसएमटी आणि चर्चगेटला भुयारी मार्ग आहेत. पाहुण्याला ते आधी दाखवून ठेवा, कुठल्या जिन्याने वर आलं की कुठे निघतो हे एकदा सोबत फिरून दाखवा. सीएसएमटीसमोरचा चौक वरून ओलांडायचा हट्ट कोणीही करू नये. हायवे तर मुळीच नाही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावर पादचारी पूल अर्धा किलोमीटर लांब असला तरी तिथपर्यंत चालत जायचं. दुभाजकाच्या जाळीतल्या तोडलेल्या फटीतून लोक जाताना दिसतील. ती वाट पाहुण्याची नाही, आणि तुमची-माझीही नाही.

इथे थोडं आपल्याबद्दलही बोलायला हवं. मुंबईच्या रस्त्यांवर जीव गमावणाऱ्यांत सर्वांत जास्त भरणा पादचारी आणि दुचाकीस्वारांचा असतो. पाहुणा घाबरला की आपण हसतो, ‘होईल सवय’ म्हणतो. पण त्याची भीती चुकीची नाही. त्याच नाक्यावर गुडघे दुखणारी आपली आई सिग्नलचे सेकंद पुरत नाहीत म्हणून मंडईत जायचं टाळते, तिचीही तीच भीती आहे. सवय झाली म्हणून रस्ता सुरक्षित होत नाही. पाहुण्याला ‘ही आमची मजा’ म्हणून हा गोंधळ विकू नका.

पाचवी पायरी: फुटपाथ आणि बाजार

फुटपाथवर चालायचं हे पाहुण्याला सांगावं लागत नाही, फुटपाथ कधी सोडायचा हे सांगावं लागतं. समोर फेरीवाले, झाडाचा पार, खोदकामाचे पत्रे आले की रस्त्यावर उतरावं लागतं. उतरताना खांद्यावरून मागे बघायचं, आणि शक्यतो समोरून गाड्या येतात त्या बाजूच्या फुटपाथने चालायचं. म्हणजे उतरावं लागलंच तर काय येतंय ते दिसतं. फुटपाथवर चढून येणाऱ्या बाइकला हात जोडून थांबवायला हरकत नाही. आम्ही थांबवतो.

निवांत चालायला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतालचा फेरा, मरीन ड्राइव्ह, आणि फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवरच्या इमारतींखालच्या कमानी. या कमानींतून ऊन-पावसातही बरंच अंतर रस्त्यावर न उतरता जाता येतं, आणि ज्यांना जुन्या इमारती बघायच्या असतात ते खूश होतात.

क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट, काळबादेवी, मशीद बंदर इथलं शिक्षण वेगळं आहे. तिथे मोटारीपेक्षा हातगाडीला जपायचं. गाठोड्यांनी भरलेली हातगाडी एक माणूस पुढून ओढत असतो, दुसरा मागून डोकं लावून ढकलत असतो. तिला ब्रेक नसतो. पुढच्याने टाचा रोवल्या तरी लादलेलं वजन तिला पुढेच नेतं, आणि लोखंडी चाक पायावरून गेलं तर बोटं राहत नाहीत. मागच्याला तर पुढचं काही दिसतच नसतं. ‘बाजू, बाजू’ किंवा ‘साइड, साइड’ ऐकू आलं की मागे वळून बघायच्या आधी भिंतीकडे सरकायचं. डोक्यावर पाटी किंवा गठ्ठा घेतलेल्या हमालालाही तसंच. त्याची मान वळत नाही, वाट आपण द्यायची. हे दोन शब्द पाहुण्याला पाठ करून घ्यायला सांगा, बाजारात तेवढे पुरतात.

सहावी पायरी: टॅक्सी आणि रिक्षा

रिक्षा शहरात चालत नाहीत. पश्चिमेला वांद्रे आणि मध्य बाजूला सायन ही त्यांची हद्द, त्याच्या दक्षिणेला टॅक्सीच. पाहुणा वांद्र्याहून रिक्षात बसून ‘गेटवे ऑफ इंडिया’ म्हणतो आणि रिक्षावाला मान हलवतो, तेव्हा ते नकार देणं नसतं, हे त्याला सांगा.

मीटरनेच जायचं. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये, दोन्ही पहिल्या दीड किलोमीटरला. मध्यरात्री बारा ते पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जास्त. हे आकडे पाहुण्याच्या फोनमध्ये लिहून द्या. मुंबईचे बहुतेक चालक मीटरने नेतात, ही या शहराची मोठी जमेची बाजू आहे. सुटे पैसे जवळ ठेवावेत. पत्त्याऐवजी खूण सांगावी: देऊळ, शाळा, सिनेमागृह, स्टेशनची पूर्व की पश्चिम. जुन्या पद्मिनी टॅक्सीचे फोटो बघून आलेल्यांना आधीच कल्पना द्या, त्यांचं आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलं.

चालवण्याचा वेग सोसत नसेल तर गप्प बसू नये. ‘दादा, जरा हळू’ एवढं मराठीत म्हटलं की परदेशी तोंडून आलेल्या मराठीचं कौतुक वाटून चालक खरंच हळू घेतात. ‘इथेच थांबा’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ हेही शिकवा. रिक्षात हात-पाय आत. गुडघा बाहेर काढून बसायचं नाही, बाजूची बस किती जवळून जाते ते कळायच्या आत जाते.

उतरताना दार डावीकडचंच उघडायचं, आणि तेही एकदम नाही. फुटपाथ आणि टॅक्सी यांच्या मधल्या हातभर जागेतूनही दुचाकी जाते. इथे आमच्या जावईबापूंनी आम्हाला शिकवलं. दाराजवळच्या हाताने दार उघडायचं नाही, लांबच्या हाताने उघडायचं. डावीकडच्या दाराला उजवा हात लावला की अंग आपोआप वळतं आणि नजर मागच्या काचेतून रस्त्यावर जाते. सायकलींच्या त्या देशात ही सवय मुलांना लहानपणीच लावतात. आता आमच्या घरात सगळे तसंच उघडतात. बसलेल्या माणसाने धाडकन दार उघडल्यामुळे पडलेले बाइकवाले आपण सगळ्यांनी बघितलेले आहेत.

बस आणि लोकल

बेस्टच्या बसचं किमान भाडं मे २०२५ पासून साधी १० आणि एसी १२ रुपये. दुपारच्या वेळी एसी डबल डेकरच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली तर पाहुण्याला रस्ता समजून घ्यायला ती गॅलरीपेक्षाही बरी. धावत्या बसमध्ये चढणं-उतरणं त्याला कोणी कितीही सफाईने करून दाखवलं तरी करू देऊ नका. लोकल हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. दुपारी बारा ते चार या वेळात, सुरुवातीच्या स्टेशनवरून, एवढंच इथे सांगते.

गणेश विसर्जन, दहीहंडी, जानेवारीतली मॅरेथॉन, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसागर, या दिवशी रस्ते वळवलेले असतात. वाहतूक पोलीस आदल्या दिवशी बदल जाहीर करतात. विमान त्या दिवशी असेल तर ते वाचून, दुप्पट वेळ धरून निघा.

पावसाळ्यात आलेला पाहुणा

जून ते सप्टेंबरमध्ये वरचं सगळं लागू आहे आणि त्यावर एक कडक नियम: साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा लोक कमरेएवढ्या पाण्यातून मैलोन् मैल चालले. तशी पाळी रोज येत नाही. पण २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टनच्या भागात शहरातले एक नामवंत डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, आणि ते तर याच शहरात आयुष्य काढलेले होते. गढूळ पाण्याखाली काय आहे ते आपल्यालाही कळत नाही, पाहुण्याला कसं कळणार. हिंदमाता, किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी भरायची नेहमीची ठिकाणं नकाशावर खूण करून द्या. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र असेल त्या दिवशी बेत रद्द करून घरी भजी करा. पाण्यातून जाण्याशिवाय गत्यंतरच नसेल तर छत्रीच्या किंवा काठीच्या टोकाने पुढची जमीन चाचपत, दुभाजकाच्या कडेने जायचं.

रेनकोट घ्यायचाच तर पिवळा, नारिंगी घ्या. काळी छत्री आणि काळा रेनकोट घातलेला माणूस पावसाळी संध्याकाळी ड्रायव्हरला दिसत नाही.

स्वतः चालवायचं म्हणाला तर

नाही म्हणा. आंतरराष्ट्रीय परवाना असला तर कायद्याने त्याला चालवता येतं, तो प्रश्न नाही. प्रश्न हा की वर लिहिलेली हॉर्नची, दिव्यांची, हाताची समज पायी चालताना यायला त्याला काही दिवस लागतात, आणि स्टिअरिंगवर ती क्षणात लागते. ड्रायव्हरसकट गाडी मिळते, ती घ्या. स्कूटरचा मोह जास्त वाईट. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, जेजे उड्डाणपूल इथे दुचाकीला बंदी आहे, आणि गूगलचा नकाशा बघत जाणारा नवखा माणूस नेमका तिथेच शिरतो. कोणाच्या मागे बसून जायचंच असेल तर त्यालाही हेल्मेट हवं. मुंबईत जून २०२२ पासून मागच्यालाही ते सक्तीचं आहे. पाहुणा आहे, दोन गल्ल्याच जायचंय, ही सबब चालत नाही.

काही झालंच तर

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. दोन्ही पाहुण्याच्या फोनमध्ये तुमच्या नंबरसोबत घालून ठेवा, आणि घराचा पत्ता मराठीत लिहिलेला एक कागद त्याच्या पाकिटात. धक्का लागून पडला तर आधी रस्त्याच्या कडेला यायचं, वाद नंतर. लोक जमतील. पाहुण्याला ती गर्दी भीतीदायक वाटते, पण त्यातलाच कोणीतरी पाणी देतो, कोणी रिक्षा थांबवतो, हे त्याला आधी सांगून ठेवलं तर तो घाबरत नाही. गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढावा. डोक्याला मार असेल तर दिसायला बरा दिसला तरी हॉस्पिटल टाळू नका. सायन, केईएम, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत अपघात विभाग चोवीस तास चालू असतो.

दुसऱ्या कोणाला लागलं आणि पाहुणा मदतीला धावला तर तुम्ही त्याला मागे ओढू नका. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं आहे. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

हॉस्पिटलात अपघाताची नोंद पोलीस केस म्हणून होते आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पासपोर्टची प्रत जवळ हवी आणि भाषेसाठी तुम्ही सोबत हवं. प्रवास विम्याचे पैसे मिळवायला त्या नोंदीची प्रत, डिस्चार्जचे कागद आणि मूळ बिलं लागतात. परत गेल्यावर ती मागवणं फार जिकिरीचं होतं, म्हणून विमान पकडायच्या आधी पोलीस ठाण्यात एक चक्कर मारून हे कागद हातात घ्या.